हादऱ्यांची साक्ष : प्रस्तावना

१७३७ सालच्या ऑक्टोबरात कलकत्त्याला भूकंप झाला आणि त्यात तीन लाख माणसे मेली, असे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या याद्या पिढ्यानपिढ्या सांगत आल्या. एका यादीतून दुसरीत, दुसरीतून पाठ्यपुस्तकात असा हा आकडा फिरत राहिला. रॉजर बिल्हॅम या भूभौतिकीच्या अभ्यासकाने १९९४ साली त्याचा उगम शोधला. तीन लाखांचा आकडा १७३८ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या कागदांत मात्र वादळाचे वर्णन होते. नदीचे पाणी चढले, गवताने शाकारलेली घरे भुईसपाट झाली, मेलेल्यांची संख्या सुमारे तीन हजार. त्या काळच्या कलकत्त्याची एकूण वस्तीही तीन लाखांच्या कितीतरी आत होती. तारखेतही घोळ होता. कंपनीच्या कागदांत ३० सप्टेंबर आणि याद्यांत ११ ऑक्टोबर, कारण इंग्रजांची दिनगणना तेव्हा युरोपातल्या इतरांच्या ११ दिवस मागे चालत होती. थोडक्यात, एका चक्रीवादळाची भूकंप म्हणून नोंद झाली होती आणि ती अडीचशे वर्षे कोणी तपासली नव्हती.

मुंबईही यातून सुटलेली नाही. २६ मे १६१८ रोजी मुंबईत भूकंप होऊन दोन हजार माणसे दगावली, अशी नोंद जुन्या याद्यांत आहे. त्याच नोंदीत साठ गलबते बुडाल्याचा आणि तुफानाचाही उल्लेख आहे. मे महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रात काय घडू शकते, हे कोकणातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

भूकंपमापक यंत्रे नव्हती त्या काळातले भूकंप माणसांनी सांगितलेल्या हादऱ्यांवरून आणि पडझडीवरून ओळखायचे, त्यांची जागा नि ताकद ठरवायची, हा या संग्रहाचा विषय आहे. पत्रे, बखरी, शकावल्या, चर्चची दप्तरे, सरकारी अहवाल, वर्तमानपत्रे, शिलालेख आणि हिशेबाच्या वह्या ही या विषयाची साधने. यातली प्रत्येक ओळ चार गोष्टींची मिळून बनलेली असते. खालची जमीन, वरचे घर, ते अनुभवणारा माणूस आणि त्याबद्दल लिहिणारा हात. वाचणाऱ्याने या चारांना एकमेकांपासून सोडवले नाही तर तीन लाखांचा आकडा तयार होतो. सोडवले तर दोनशे वर्षांपूर्वीच्या भूकंपाचेही बरेच काही कळते. प्रस्तुत पुस्तकाची भूमिका एवढीच आहे की नवी नोंद शोधण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हाती असलेली नोंद नीट वाचण्याला मोल आहे.

नव्या वाचकासाठी दोन संज्ञा आधी स्पष्ट करायला हव्यात. वर्तमानपत्रात ‘रिश्टर’ म्हणून येते ती भूकंपाची महत्ता. तिचा संबंध जमिनीखाली किती ऊर्जा मोकळी झाली याच्याशी असतो आणि एका भूकंपाला ती एकच असते. चार्ल्स रिश्टर यांनी ही मोजणी १९३५ साली मांडली. तीव्रता मात्र गावागणिक बदलते. एखाद्या ठिकाणी हादरा किती जाणवला आणि त्याने काय पाडले, याला तीव्रता म्हणतात. ती मोजायला यंत्र लागत नाही, निरीक्षण लागते. साधारणपणे बारा अंशांच्या पट्टीवर ती मांडतात. तिसऱ्या अंशाला घरात स्वस्थ बसलेल्या काहींना हालल्यासारखे वाटते, पाचव्याला झोपलेली माणसे जागी होतात, सहाव्याला घाबरून बाहेर पळतात आणि गिलाव्याला भेगा पडतात. आठव्याला कच्ची घरे मोठ्या प्रमाणात कोसळतात. बाराव्या अंशाला उभे असे जवळजवळ काहीच उरत नाही.

हा अंश कसा ठरवतात, हे एका नमुन्यावरून पाहू. समजा, जुन्या पत्रात असा मजकूर आहे (हा आम्ही समजावण्यापुरता रचलेला आहे): ‘रात्री दोन प्रहरी धरणीकंप जाहला. निजली माणसे उठोन अंगणात आली. फडताळातील भांडी पडली. वाड्याचे परसातील जुनी भिंत पडली.’ घाईने वाचणारा भिंतीवर बोट ठेवील आणि सातवा-आठवा अंश देऊन मोकळा होईल. सावध वाचणारा आधी विचारील की राहत्या वाड्याचे काय झाले. वाड्याला तडा गेल्याचाही उल्लेख नाही, म्हणजे पडली ती परसातली एकटी भिंत. ती मातीची होती का, दगडी होती का? पत्र भाद्रपदातले असेल तर महिनाभर पावसात भिजलेली भिंत पडायला निमित्तच हवे होते. माणसे जागी झाली यावरून पाचवा अंश, बाहेर आली यावरून सहावा. भांडी पडणे दोन्हींत बसते. म्हणून निर्णय ‘पाच ते सहा’ असा लिहायचा आणि भिंत हिशेबात धरायची नाही. शिवाय पत्र लिहिणारा कोणत्या गावात होता, त्याने स्वतः हे पाहिले की जासुदाकडून ऐकले, हे शेजारी नोंदवायचे. वाचायला कंटाळवाणे वाटावे असे हे काम आहे, पण सगळी इमारत त्यावरच उभी आहे.

लोकांना पद्धतशीर प्रश्न विचारण्याचा पहिला मोठा प्रयत्न पोर्तुगालमध्ये झाला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन उद्ध्वस्त झाल्यावर तिथला मंत्री, जो पुढे मार्क्विस ऑफ पोम्बाल म्हणून प्रसिद्ध झाला, त्याने गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली. हादरा किती वाजता आला, किती वेळ टिकला, किती घरे पडली, किती माणसे मेली, समुद्र आधी चढला की ओसरला, जमिनीला भेगा पडल्या का. ही उत्तरे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. देवाचा कोप म्हणून ज्या घटनेवर प्रवचने झडत होती, तिच्याबद्दल सरकारी कारकुनाच्या थाटात तपशील मागवणे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

शंभर वर्षांनी, १६ डिसेंबर १८५७ रोजी दक्षिण इटलीत झालेल्या भूकंपात दहा हजारांहून अधिक माणसे मेली. रॉबर्ट मॅलेट हा आयरिश अभियंता लंडनच्या रॉयल सोसायटीकडून पैसे मिळवून तिथे गेला. भिंतीवरच्या भेगा कोणत्या दिशेला कलल्या आहेत, खांब कुठे पडले, कठड्यावरचा दगड उडून किती अंतरावर गेला, हे तो मोजत हिंडला. पडलेल्या वस्तूंवरून हादऱ्याची दिशा नि वेग काढता येईल, असा त्याचा विश्वास होता. भूकंपाच्या लाटांविषयीची त्याची समजूत पुढे अपुरी ठरली. तरी समान नुकसानीची गावे रेषेने जोडून नकाशा करण्याची त्याची रीत टिकली. या रेषांना आपण समतीव्रता रेषा म्हणतो. १८६२ साली दोन खंडांत निघालेला त्याचा अहवाल हा या शाखेचा पाया मानला जातो.

पुढे पट्ट्यांचा काळ आला. इटलीचे दे रॉसी आणि स्वित्झर्लंडचे फोरेल यांची दहा अंशांची पट्टी १८८३ ची. १९०२ साली मेर्काली यांनी तिच्यात सुधारणा केली, कान्कानी आणि सीबर्ग यांनी ती बारा अंशांपर्यंत वाढवली आणि तिचे अमेरिकी रूप १९३१ साली वुड आणि नॉयमन यांनी केले. १९६४ ची मेदवेदेव-श्पॉनहॉयर-कार्निक पट्टी भारतात बराच काळ वापरात राहिली. १९९८ च्या युरोपीय पट्टीने एक महत्त्वाची गोष्ट केली. तिने घरांचे मजबुतीनुसार सहा वर्ग पाडले, नुकसानीच्या पाच पायऱ्या ठरवल्या, आणि ‘काही’, ‘बरीच’, ‘बहुतेक’ या शब्दांनाही प्रमाण दिले. घडीव दगड-चुन्याचा वाडा पडणे आणि मातीचे खोपट पडणे या दोन वेगळ्या साक्षी आहेत, हे त्यामुळे पट्टीतच लिहिले गेले.

भारतीय उपखंडात या विद्येचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे. १६ जून १८१९ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास कच्छ हादरले तेव्हा कॅप्टन मॅकमर्डो अंजारला होता. त्याने स्वतः पाहिलेले आणि इतर ठिकाणांहून मागवलेले वृत्तांत एकत्र करून मुंबईच्या लिटररी सोसायटीसाठी निबंध लिहिला. भुजचे मोठे नुकसान झाले, अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार पडले, हादरा थेट कलकत्त्यापर्यंत जाणवला. रणाच्या वायव्येस जमीन उचलली जाऊन सुमारे ८० किलोमीटर लांबीचा बांध तयार झाला. लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटले. त्याच्या दक्षिणेचा भाग खचला आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. आतल्या लोकांनी उभ्या राहिलेल्या बुरुजाचा आसरा घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते होडीने सुटले. अलेक्झांडर बर्न्सने काही वर्षांनी ही जागा पाहिली आणि चार्ल्स लायेलच्या भूविज्ञानावरच्या प्रसिद्ध ग्रंथामुळे सिंद्री जगभर माहीत झाली. १८४४ साली बेकर नावाच्या अधिकाऱ्याने बांधाच्या उंचीची मोजणी केली. दीडशे वर्षांनी हीच मोजणी आणि समकालीन वृत्तांत यांवरून भूकंपाची महत्ता पावणेआठच्या आसपास काढता आली. मॅकमर्डोने निबंध लिहिला तेव्हा महत्ता ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. तरीही त्याने ठिकाण, वेळ आणि नुकसान वेगवेगळे लिहून ठेवल्यामुळे त्याचा कागद तिच्या कामी आला.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेच्या थॉमस ओल्डहॅम यांनी १८६९ पर्यंतच्या भारतीय भूकंपांची सूची केली. त्यांचे चिरंजीव रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी ती १८८३ साली प्रसिद्ध केली. १२ जून १८९७ रोजी आसाम हादरले, तेव्हा त्याचा अहवाल लिहिण्याचे काम रिचर्ड ओल्डहॅम यांच्याकडेच आले. शिलाँगच्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या होत्या. वेळ सायंकाळी सव्वापाचची, बरीचशी माणसे घराबाहेर होती, म्हणून एवढ्या प्रचंड भूकंपात मृतांची संख्या दीड हजारांच्या आसपास राहिली. जमिनीतले धोंडे आपापल्या खळग्यांतून वर उडून बाजूला पडल्याचे ओल्डहॅम यांनी नोंदवले आणि त्यावरून जमिनीच्या हिसक्याचा हिशेब केला. १८९९ साली आलेला हा अहवाल आजही वाचनीय आहे. भारतात त्या वेळी या कामाचे यंत्र नव्हते. पहिले कलकत्त्यात अलीपूरला बसले ते १८९८ च्या डिसेंबरात, या भूकंपाच्या धड्यानंतरच.

त्यानंतरचे दोन मोठे अहवालही असेच मोलाचे आहेत. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपावर मिडलमिस यांनी लिहिले आणि १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपावर डन, ऑडन, घोष आणि रॉय यांनी. बिहारचे प्रकरण फार बोधक आहे. उत्तर बिहारात एक लांबलचक पट्टा असा होता की तिथे घरे कोसळण्याऐवजी खचली आणि कलली, शेतात वाळू-पाण्याच्या उकळ्या फुटल्या. पाण्याने भरलेली मोकळी वाळू जोराच्या हादऱ्याने पातळ होते आणि वरचे वजन पेलू शकत नाही, त्याचा हा परिणाम. नुकसान एवढे होते की भूकंपाचे केंद्र तिथेच मानले गेले. प्रत्यक्षात ते पूर्व नेपाळात होते. नेपाळच्या बाजूची हकिकत ब्रह्म शमशेर यांनी नेपाळी भाषेत पुस्तकरूपाने लिहिली. इंग्रजी अहवाल मात्र सर्वत्र पोचला आणि बराच काळ तोच भूकंपाचा चेहरा ठरला. कोणत्या भाषेतला कागद वाचला गेला, यावरूनही भूकंपाची जागा बदलू शकते.

विसाव्या शतकात यंत्रांचे जाळे वाढले आणि लोकांनी काय अनुभवले याला दुय्यम स्थान आले. १९७० नंतर ही विद्या पुन्हा उभी राहिली, ती निरनिराळ्या वाटांनी. पहिली वाट इतिहासकाराची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले निकोलस अँब्रेसिस मूळचे अभियंते. त्यांनी चार्ल्स मेलव्हिल या फारसीच्या अभ्यासकाबरोबर इराणच्या भूकंपांचा इतिहास लिहिला (१९८२). मूळ भाषेतला कागद पाहिल्याशिवाय नोंद स्वीकारायची नाही, हा त्यांचा दंडक. इटलीत एमानुएला ग्विदोबोनी आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने राष्ट्रीय सूची उभी केली. या मंडळींनी याद्यांतले अनेक भूकंप खोटे ठरवले, काही एकाचे दोन केले, काही दोनांचे एक. १५०५ चे उदाहरण घ्या. ‘बाबरनाम्या’त काबूलच्या भूकंपाचे वर्णन आहे, फारसी तवारिखांत आग्ऱ्याचे. जुन्या अभ्यासकांनी दोन्ही एकत्र जोडले आणि काबूल ते आग्रा पसरलेला एक महाभूकंप उभा राहिला. मुस्तांग आणि तिबेटकडच्या नोंदी पाहिल्यावर दोन वेगळे भूकंप महिन्याभराच्या अंतराने झाल्याचे दिसले. एक हिमालयातला, दुसरा काबूलजवळचा.

दुसरी वाट गणिताची. अमेरिकेत बेकन आणि वेंटवर्थ यांनी १९९७ साली अशी रीत मांडली की गावोगावच्या तीव्रतेच्या अंशांवरून भूकंपाचे संभाव्य केंद्र आणि महत्ता काढता यावी, तीही अनिश्चिततेसह. त्यासाठी आधी यंत्रांनी मोजलेल्या अलीकडच्या भूकंपांवर पट्टी जुळवून घ्यावी लागते. भारतासाठी हे काम झेलिगा, हाऊ, मार्टिन आणि बिल्हॅम यांनी २०१० साली केले. त्याच सुमारास मार्टिन आणि झेलिगा यांनी १६३६ ते २००९ या काळातल्या ५७० भूकंपांच्या तीव्रतांची सूची प्रसिद्ध केली. त्यातून एक गोष्ट आकड्यांनी पुढे आली. सारख्याच महत्तेचा हादरा हिमालयापेक्षा आपल्या द्वीपकल्पाच्या जुन्या, घट्ट खडकातून जास्त दूर जातो. दूरवर जाणवला म्हणजे मोठाच असला पाहिजे, हा अंदाज म्हणून दख्खनमध्ये फसतो.

तिसरी वाट जमीन खणणाऱ्यांची. प्रस्तरभंगाच्या रेषेवर चर खणून थर कुठे तुटले आणि केव्हा, हे पाहायचे. ही मंडळी कागदाची उलटतपासणी घेतात. १२५५ साली काठमांडूच्या खोऱ्यात राजा अभय मल्ल यांच्यासह पुष्कळ माणसे दगावली, असे नेपाळच्या वंशावळीत आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दक्षिण-पूर्व नेपाळमध्ये १२५५ आणि १९३४ या दोन्ही भूकंपांनी जमीन फाडल्याच्या खुणा दाखवण्यात आल्या. कागद आणि माती एकमेकांना दुजोरा देतात असे प्रसंग थोडे, म्हणून हा महत्त्वाचा. याच जातीचे सर्वांत गाजलेले उदाहरण पॅसिफिकच्या दोन काठांवरचे आहे. १७०० च्या जानेवारीत जपानच्या किनाऱ्यावर लाटा आल्या, पण तिथे हादरा कोणालाच जाणवला नव्हता. जपानी दप्तरांतली तारीख नि वेळ आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची बुडून मेलेली जंगले यांची सांगड घालून सताके आणि सहकाऱ्यांनी २६ जानेवारी १७०० चा महाभूकंप अमेरिकेच्या बाजूला नेऊन ठेवला. न जाणवलेल्या हादऱ्याची नोंद इथे पुरावा झाली.

चौथी वाट आजची. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘तुम्हाला जाणवला का?’ अशी प्रश्नावली इंटरनेटवर खुली केली. पोम्बालचेच काम, फक्त धर्मगुरूंऐवजी थेट लोकांकडून.

या वाटा एकमेकींना टोकतात, आणि त्या टोकण्यातूनच विषय पुढे जातो. अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यात १८११-१२ मध्ये न्यू मॅड्रिडचे भूकंप झाले. त्यांची महत्ता एके काळी आठच्या वर मानली जाई. मग सुझन हाऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तेव्हाची वस्ती नदीकाठच्या गाळावर होती, गाळात हादरा फुगतो, आणि आपल्याकडे आलेली बहुतेक पत्रे तिथलीच आहेत. महत्ता बरीच खाली आली. आसामच्या १८९७ च्या भूकंपाचेही अंश अँब्रेसिस आणि बिल्हॅम यांनी फेरतपासले. ओल्डहॅम यांनी ठरवलेली तीव्रता अनेक ठिकाणी जास्त निघाली आणि पूर्वी ८.७ पर्यंत सांगितली जाणारी महत्ता आठच्या आसपास आली. मोठ्या माणसाचा मोठा अहवालही पुन्हा वाचावा लागतो.

मराठी वाचकाला यात रस घ्यायला किल्लारीपेक्षा वेगळे कारण लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. महत्ता ६.२, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. घरे मात्र अशी की दोन्ही बाजूंना दगड रचून मध्ये माती-चिपा भरलेल्या रुंद भिंती, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि वर उन्हापासून बचावासाठी वर्षानुवर्षे थर चढवलेले मातीचे माळवद. पहिल्या हिसक्यात भिंतीचे पदर सुटले आणि माळवद खाली आले. हा भाग तेव्हाच्या भारतीय मानकाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता, कारण सूचीत इथला मोठा भूकंप नव्हता. सूचीत नाही याचा अर्थ झाला नाही असा होत नाही. तिथे लिहिणारा नव्हता, किंवा लिहिलेले कोणी वाचले नव्हते, किंवा सूचीच्या काळात तो घडलाच नाही, या तीन शक्यतांपैकी कोणती खरी, हे ठरवल्याशिवाय रिकामी जागा हिरवी रंगवणे धोक्याचे. २००२ सालच्या फेररचनेत तो पहिला विभागच रद्द झाला.

किल्लारीच्या तारखेतच या विद्येचा आणखी एक धडा आहे. ती रात्र अनंत चतुर्दशीची, लोक विसर्जन करून झोपलेले. इंग्रजी कॅलेंडरने गुरुवार लागला होता. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणजे जुन्या पद्धतीने लिहिणारा ही घटना बुधवारी रात्री, भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला टाकील. जागतिक वेळेने चालणाऱ्या सूच्यांतही ती २९ सप्टेंबरलाच आहे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा पहाटेचा भूकंप अशाच सूच्यांत १० डिसेंबरचा आहे. आजच्या घटनेचे हे होते, तर शक, सुहूर, फसली, हिजरी, कुठे चैत्रात तर कुठे कार्तिकात सुरू होणारा संवत, आणि १७५२ पर्यंत मागे चाललेली इंग्रजी तारीख यांच्या गुंत्यात एका भूकंपाचे दोन होणे किती सोपे, हे वेगळे सांगायला नको.

कोयनेनंतर काही आठवड्यांतच, १९६८ च्या जानेवारीत, इतिहास संशोधक य. न. केळकर यांनी ‘केसरी’त महाराष्ट्रातल्या तीनशे वर्षांतल्या भूकंपांवर लेख लिहिला. द्वीपकल्पातल्या भूकंपांवर इंग्रजीत लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांनाही त्याचा संदर्भ द्यावा लागला. त्यानंतर ही वाट फारशी मळली नाही. मोडी वाचणारे बहुतेक लढाया, वतने आणि वंशावळी शोधतात. भूकंपाचे अभ्यासक बहुतेक मोडी वाचत नाहीत. दरम्यान पेशवे दप्तरात, संस्थानांच्या दप्तरांत, देवस्थानांच्या जमाखर्चात आणि किल्ल्यांच्या डागडुजीच्या हिशेबांत काय आहे, हे भूकंपाच्या दृष्टीने कोणी सलग पाहिलेले नाही. वकिलांची बातमीपत्रे तर या कामासाठीच लिहिली असावीत इतकी उपयोगी, कारण त्यांत ठिकाण, तिथी आणि घटका असतात. गोव्यातली पोर्तुगीज दप्तरे आणि एकोणिसाव्या शतकातली मराठी वर्तमानपत्रे त्यांना पडताळा देऊ शकतात.

हे सगळे आज निकडीचे का? यंत्रांची विश्वासार्ह नोंद जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे आणि एकाच प्रस्तरभंगावर मोठे भूकंप शेकडो वर्षांच्या अंतराने येतात. कांगड्याचे पाहा. मिडलमिस यांच्या नकाशात कांगडा आणि डेहराडून अशी दोन जास्त नुकसानीची ठिकाणे होती. मधले सगळे अंतर त्या भूकंपात फाटले, असे पुढे धरले गेले. तीव्रतांचे फेरवाचन आणि जुन्या सर्वेक्षण-खुणांची नवी मोजणी यांवरून आता फाटलेला भाग कांगड्याजवळचा, सुमारे शंभर किलोमीटरचा मानला जातो. म्हणजे डेहराडूनकडचा हिमालय १९०५ मध्ये मोकळा झाला नव्हता, तिथला ताण शिल्लक आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या घरांच्या भेगा कशा वाचल्या, यावर आजच्या शहरांचा धोका ठरतो, तो असा. कोकणातही जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या निमित्ताने इथल्या जुन्या भूकंपांचा प्रश्न विज्ञानविषयक नियतकालिकांत चर्चेला आला. धरणे, अणुप्रकल्प आणि बांधकामाचे नियम यांना लागणारे उत्तर सूचीतून येते, आणि सूची शेवटी कागदातून.

या संग्रहातले लेख भूवैज्ञानिक, स्थापत्य अभियंते आणि इतिहासाचे अभ्यासक यांनी लिहिले आहेत आणि ते एकमेकांशी सर्वत्र सहमत नाहीत. मतभेद आम्ही पुसलेले नाहीत. काही लेख एका भूकंपाला वाहिलेले आहेत, काही एका प्रकारच्या साधनाला, काही पद्धतीला. उपखंडाबाहेरची उदाहरणे पद्धत कळण्यापुरती घेतली आहेत. पुढचा भूकंप केव्हा येईल, हे सांगण्याचा प्रयत्न कुठेही नाही. ते आज कोणालाच सांगता येत नाही आणि या विद्येचा तो दावाही नाही. कुठल्या भागात केवढे हादरे येऊन गेले आहेत आणि तिथली घरे त्यांना कशी सामोरी गेली, एवढे ती सांगते.

लेखांची मांडणी करताना एक नियम आम्ही सर्वांनी पाळला आहे. मूळ मजकूर आधी, तीव्रतेचा अंश नंतर, आणि अंश किती खात्रीचा आहे हे त्याच्या शेजारी. दैवी कोप, अपशकुन, राज्यावरचे संकट असे लिहिणाऱ्याचे भाष्य आम्ही गाळलेले नाही. त्यावरून तो किती घाबरला होता आणि कोणासाठी लिहीत होता हे कळते, म्हणून तोही पुराव्याचा भाग. ज्या नोंदी संशयास्पद वाटल्या त्या वगळण्याऐवजी संशयाच्या कारणासह छापल्या आहेत, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला आमचा निर्णय फिरवता येईल. वाचकाला एखादा अंश पटला नाही तर त्याने मजकूर समोर ठेवून स्वतः ठरवून पाहावा. आणि घरच्या रुमालात, देवळाच्या वहीत किंवा जुन्या पत्रात धरणीकंपाची ओळ दिसली तर ती तिथी, गाव आणि लिहिणाऱ्याच्या नावासह जशीच्या तशी उतरून घ्यावी. शुद्धलेखन सुधारू नये, आकडा मोठा वाटला म्हणून कमी करू नये, आणि ‘भयंकर’ हा शब्द मूळ कागदात नसेल तर आपण घालू नये.